घाबरू नका, तो जेवतोय

कोबे (जपान), १४ ऑक्टोबर १९८४

प्रिय जुबैदा,

सलाम. तुला आणि शमाला खूप दुवा.

सुखरूप पोचलो. भाई विमानतळावर घ्यायला आला होता. चौदा वर्षांनी दिसला, तरी गर्दीत लांबूनच ओळखला. चालणं अगदी आमच्या अब्बांचं. केस मात्र सगळे पांढरे झालेत. त्याने मला कितीतरी वेळ मिठीत धरून ठेवलं, आणि मग एक विचित्र गोष्ट केली. खाली वाकून माझ्या बुटांना हात लावला, दाबून पाहिले. म्हणाला, "बूट चांगले आहेत." मी हसलो. तो हसला नाही.

त्याचं घर डोंगराच्या उतारावर आहे. दोन खोल्या, खाली घरमालकीण. खिडकीतून बंदर दिसतं. भाई ज्या सिंधी शेटकडे काम करतो त्याचा कापडाचा माल ह्याच बंदरातून आपल्याकडे बहरीनला, मनामात येतो. म्हणजे मी हुसेनशेटच्या दुकानात जी कापडाची ठाणं मोजतो, ती आधी माझ्या भावाच्या हाताखालून गेलेली असतात. हे मला इथे येऊन कळलं.

आता खाण्याचं. आपण शाफई, समुद्रातलं सगळं चालतं, म्हणून माझी चंगळ आहे. काल आगगाडीने आकाशी नावाच्या गावी गेलो. तिथला मासळीबाजार बघून मला रत्नागिरीचा धक्का आठवला, फक्त इथे कोणी ओरडत नाही आणि जमीन ताटासारखी स्वच्छ. तिथे अंड्याच्या पिठात ऑक्टोपसचा तुकडा घालून आपल्या आप्प्यांसारखे गोळे करतात आणि माशाच्या पातळ सारात बुडवून खातात. तोंडात घातला की विरघळतो. दुकानातली म्हातारी मला बघून एकदम खूश झाली, माझ्याकडे बोट करून भाईशी काहीतरी बोलली आणि न मागता माझ्यापुढे गोळ्यांची दुसरी लाकडी पाटी आणून ठेवली. मी विचारलं, काय म्हणते? भाई म्हणाला, "तिला सगळे हिंदुस्तानी सारखेच दिसतात."

उद्या तारेवरच्या पाळण्यात बसून डोंगरावर जायचंय. फोनवर मला बोलायला सुचत नाही, म्हणून पत्रंच लिहीन.

तुझा,
इक्बाल


मुहर्रक (बहरीन), २४ ऑक्टोबर १९८४

अहो,

सलाम. पत्र मिळालं. शमाला वाचून दाखवलं. ऑक्टोपसचं ऐकून म्हणाली, "डॅडी इज डिस्गस्टिंग." तुम्ही आल्यावर तुमच्या ताटाला हात लावणार नाही म्हणते. इंग्रजी शाळेत घातली ती तुम्हीच, आता ऐका.

इथे सगळं ठीक. उकाडा उतरलाय. अहमदच्या कोल्ड स्टोअरवर दूध-ब्रेड आणायला गेले की रोज संध्याकाळी तुमची चौकशी होते. त्याच्या मुनीराने काल मचबूस पाठवलं होतं, त्यांचा तो कोंबडीचा भात. तुमच्या वाटणीचं शमाने खाल्लं.

डोंगरावर जाताना मफलर गुंडाळा. आजारातून उठल्याला अजून वर्ष झालेलं नाही. एवढं चालायचं, एवढं खायचं, हे माझ्या मनाला बरं वाटत नाही.

ताहिरभाईंना सलाम सांगा. तुम्ही जानेवारीत इस्पितळात होतात, त्या दिवसांचं ते काही बोलले का? बोलले असतील तर कळवा. नसतील तर तुम्ही होऊन विषय काढू नका.

जुबैदा


कोबे, २ नोव्हेंबर १९८४

प्रिय जुबैदा,

तुझं पत्र आज आलं. भाई तर काही बोलला नाही, पण तू हे विचारलंस तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. का, ते सांगतो. मला वेड्यात काढू नकोस.

गेल्या शुक्रवारी इथल्या मशिदीत गेलो. जुनी, सुंदर मशीद आहे, घुमट थेट आपल्याकडच्यासारखा. नमाजनंतर एक तातार बुजुर्ग जवळ आले. मोडकीतोडकी उर्दू बोलतात. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "या वेळी बूट घालून आलास, बरं केलंस. बर्फात तुझे पाय बघून मला रात्रभर झोप आली नव्हती." मी म्हटलं, चाचा, मी पहिल्यांदाच आलोय. ते भाईकडे बघायला लागले. भाईने त्यांना बाजूला नेलं.

मी म्हटलं, असेल माणसाची चूक. पण त्या दिवशी घरी परतताना भाई मागे राहिला होता, नेहमीसारखी धाप लागली होती म्हणून. मी पुढे चालत होतो. या डोंगरात गल्ल्यांचं जाळं आहे. मी न चुकता वळत गेलो. एका जिन्यापाशी माझा पाय आपोआप एक पायरी सोडून पुढच्या पायरीवर पडला. वळून पाहिलं तर ती पायरी तुटलेली. त्या वाटेने आम्ही त्याआधी कधी गेलो नव्हतो.

आणि खाणं. एका ठिकाणी गरम सारातल्या जाड शेवया खाल्ल्या. वाडगा समोर यायच्या आधीच मला त्यांची चव जिभेवर कळली. वर तरंगणाऱ्या तळलेल्या चौकोनी तुकड्याची किंचित गोड चवसुद्धा. तुला कधी सांगितलं नाही, पण इस्पितळात शुद्धीवर आलो तेव्हा तीच चव तोंडात होती. मला वाटलं औषधाची असेल.

भाई मला एकट्याला कुठे जाऊ देत नाही. जेवताना स्वतः खात नाही, मी खातो ते बघत बसतो. परवा मी मध्येच हात थांबवला तर घाबरून म्हणाला, "पोट भरलं? खरंच भरलं?" भरलं म्हटलं, तेव्हा त्याचे डोळे पाणावले.

जानेवारीत काय झालं होतं? जे माहीत असेल ते सगळं लिही.

इक्बाल


मुहर्रक, १२ नोव्हेंबर १९८४

अहो,

सलाम. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भावाभावांत वाकडं येऊ नये म्हणून इतके दिवस गप्प होते.

ताप डोक्यात गेला आणि तुमची शुद्ध हरपली, तेवढं तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून काय सांगितलं, ते तुम्हाला माहीत नाही. म्हणाले, माणसांना कळवायचं असेल तर कळवून घ्या. मी रत्नागिरीला तार केली. कोबेला अहमदच्या दुकानातून फोन लावला. मी ताहिरभाईंशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते. आपल्या लग्नालासुद्धा ते आले नव्हते. मी रडत रडत सांगितलं, की इक्बाल बेशुद्ध आहेत, डॉक्टरांनी आशा सोडलीय.

पलीकडून भांडी वाजल्यासारखं ऐकू येत होतं. मग ते हळू आवाजात म्हणाले, "घाबरू नका, तो जेवतोय." आणि फोन ठेवून दिला.

अहमदने पुन्हा लावला, कोणी उचलला नाही. मला वाटलं, हा माणूस दारू प्यायला असेल, नाहीतर त्याच्या काळजाचा दगड झाला असेल. आई गेली तेव्हाही आला नाही, भाऊ मरतोय तरी याला काही नाही. तुम्ही उठलात आणि मी ते सगळं गिळलं. तुम्हाला त्यांचं तिकीट आलं तेव्हा तोंडावर हसू ठेवून बॅग भरली, पण मनातून त्यांना माफ केलं नव्हतं.

आता तुमचं पत्र वाचल्यापासून ते वाक्य पुन्हा पुन्हा कानात वाजतंय. मला भीती वाटते. तुम्ही निघून या.

जुबैदा


कोबे, २२ नोव्हेंबर १९८४

प्रिय जुबैदा,

काल तुझं पत्र भाईपुढे ठेवलं. त्याने वाचलं, चष्मा काढला, आणि मग दुपारभर सांगत बसला. त्याने सांगितलं तसंच तुला सांगतो. खरं मानायचं की नाही ते तू ठरव. मी मानलंय.

जानेवारीत एका सकाळी तो दार उघडून कामाला निघाला, तर मी दारात उभा. बाहेर बर्फ पडलेलं. माझ्या अंगावर पातळ पांढरा सदरा, पाय अनवाणी, हातात काही नाही. त्याला वाटलं मी एखाद्या जहाजावरून आलो असेन, काही अडचणीत असेन. चौदा वर्षांत घरचं माणूस त्याच्या दारात आलं नव्हतं. आनंदाच्या भरात त्याने काही विचारलंच नाही. मी म्हटलं, "भाई, भूक लागलीय." त्याने भात टाकला.

मी खूप खाल्लं म्हणे. ताट रिकामं व्हायचं, पण पोट भरायचं नाही. त्याने रजा टाकली आणि मला सगळीकडे नेलं. आकाशीला, मशिदीत, पाळण्यातून डोंगरावर. लोकांनी मला पाहिलं, माझ्याशी बोलले. बूट घेऊन दिले तर मी ते घालायला तयार नव्हतो, टोचतात म्हणायचो. अंथरूण घालून दिलं तर सकाळी चादरीला सुरकुती नसायची.

मग तुझा फोन आला. मी तेव्हा त्याच्या समोर बसून जेवत होतो. तू म्हणत होतीस, इक्बाल इस्पितळात बेशुद्ध आहे. भाई म्हणतो, "मी फोन कानाला लावून तुझ्याकडे बघत होतो. तू वाडगा तोंडाला लावला होतास. मला एवढंच वाटलं की जोवर हा जेवतोय तोवर याला काही होणार नाही. तेच तिला सांगितलं."

त्यानंतर त्याने मला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नाही. एक जागा बघून झाली की दुसरी दाखवायची, एक पदार्थ संपला की दुसरा मागवायचा. निघायची आठवणच होऊ द्यायची नाही. पण मी विसरत चाललो होतो. आधी दुकान विसरलो. मग मुहर्रकचं घर. मग त्याने शमाचं नाव काढलं तर मी म्हटलं, "कोण शमा?" आणि दुसऱ्या दिवशी तुझं नाव काढलं तर तेच. तेव्हा त्याला कळलं, की तो मला वाचवत नव्हता. मी इथे जितका रुळत होतो, तितका तिथून सुटत होतो.

तो मला सुमाच्या किनाऱ्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, "इक्बाल, ऊठ. तुझी बायको तिथे बसून आहे. जा." मी चिडलो म्हणे. माझं अजून खाऊन झालं नव्हतं. त्याने मला ढकललं. सख्ख्या भावाला हाकलून दिलं, असं म्हणून काल तो रडला. मी वाळूतून चालत गेलो आणि दगडांच्या बांधापलीकडे दिसेनासा झालो. तो धावत बांधावर चढला, तर पलीकडे फक्त पाणी.

दुसऱ्या दिवशी अहमदचा फोन, की इक्बालने डोळे उघडले.

"मला तुला एकदा बूट घातलेला बघायचं होतं," भाई म्हणाला. "पोट भरलं असं तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून तिकीट पाठवलं."

आणखी एक गोष्ट त्याने लपवली होती. त्याचं हृदय थकलंय. डॉक्टरने केव्हाच ताकीद दिलीय. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर बहरीनला, तुझी भावजय तुला तांदळाची भाकरी खायला घालेल. भाकरीचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या महिन्यात दोघं मिळून यायचं ठरवतोय. तू त्याच्यावरचा राग सोड.

इक्बाल


कोबे, २८ नोव्हेंबर १९८४

प्रिय जुबैदा,

घाईत लिहितोय. काल मंगळवारी सकाळी भाई जिन्यात कोसळला. घरमालकिणीने गाडी बोलावली. इस्पितळात आहे, शुद्ध नाही. काचेआडून बघू देतात, संध्याकाळी थोडा वेळ जवळ बसू देतात. भाषा येत नाही, नर्स हाताच्या खुणा करून सांगते. मी त्याचा हात धरून बसतो, तो हात धरत नाही.

दुवा कर.

इक्बाल


मुहर्रक, ३० नोव्हेंबर १९८४, शुक्रवार

अहो,

सलाम. तुम्ही दोघा भावांनी मिळून माझी चांगली फजिती केलीत. ताहिरभाई येणार आहेत हे एका शब्दाने कळवायचं नाही?

बुधवारी दुपारी दार वाजलं. मला वाटलं मुनीरा असेल. उघडते तर तुमचाच चेहरा, फक्त केस पांढरे. फोटोवरून लगेच ओळखलं. सामान कुठे आहे विचारलं तर म्हणाले, मागून येतंय. पायात काही नव्हतं. विमानात पाय सुजतात काहींचे. मी तुमच्या चपला पुढे केल्या, पण त्या टोचतात म्हणाले. मी रागावलेली होते, तुम्हाला माहीत आहे. बोलायचं होतं बरंच. पण त्यांनी ओट्याकडे बघितलं आणि लहान मुलासारखं विचारलं, "भाकऱ्या केल्यात?" मग मला कसला राग धरता येतोय.

काय जेवतात हो! साफी मासे तळून दिले, सुरमईचं आमसूल घातलेलं कालवण केलं, सोबत भाकऱ्या. मी थापत गेले आणि ते खात गेले. पीठ संपलं, अहमदकडून आणवलं. अम्माच्या हातची चव आहे म्हणाले. पुरुषमाणूस घरात म्हणून मुनीराची सासू आमच्यात झोपायला येते. भाईंना बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं होतं, पण ते बहुतेक बसूनच राहतात.

शमाची आणि त्यांची गट्टी जमलीय. ती इंग्रजीत बोलते, ते आपल्या बोलीत. आज अहमदला सुट्टी, त्याने सगळ्यांना पिकअपमध्ये घातलं. अरादचा किल्ला बघितला, मग हिद्दच्या बाजूला गोदीत उभं असलेलं जहाज. तिकडून जनाबियावरून गेलो, सौदीकडचा पूल समुद्रात कुठवर आलाय ते दाखवलं. मग झल्लाकला वाळूवर बसून जेवलो. मुनीराने सगळं आणलं होतं. भाई पाण्याकडे बघत होते आणि खात होते.

मी त्यांना विचारलं, यांना एकट्यांना का मागे ठेवलंत, कधी येणार आहेत? त्यांनी तोंडातला घास संपवला. मग म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, तुमचा भाऊ. तर नुसते हसले. तुमच्या घरात सगळ्यांनाच थट्टेची खोड आहे.

पण एक सांगू? गाडीत परत येताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला. उन्हात बसून आलेल्या माणसाचा हात इतका गार कसा?

तुमचं पत्र बऱ्याच दिवसांत नाही. काय ते लवकर लिहा.

जुबैदा


मुहर्रक, ३ डिसेंबर १९८४

अहो,

फोनवर मी एक शब्द बोलले नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. मला तेव्हा बोलता आलं नाही. आता सगळं लिहिते.

काल रविवारी शमा शाळेत गेली होती. सकाळच्या टपालाने तुमचं बावीस तारखेचं पत्र आलं. मी ते ओट्यापाशी उभी राहून वाचलं. तवा तापत होता. बाहेरच्या खोलीत ताहिरभाई ताटावर बसले होते. अनवाणी पायांचं वाचलं, मग चपला टोचतात ते. चादरीचं वाचलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बघायचं धाडस झालं नाही. रोज सकाळी मी तीच चादर घडी करून ठेवत होते, तशीच्या तशी.

तेवढ्यात अहमदने हाक मारली, कोबेचा फोन आहे. मी दुकानात गेले. तुम्ही सांगत होतात, भाई मंगळवारपासून बेशुद्ध आहे, आज डॉक्टरने मान हलवली. दुकानाच्या दारातून आपलं दार दिसतं. ते उघडं होतं. आत ते बसलेले दिसत होते, ताटावर वाकून. जानेवारीत त्यांनी फोनवर मला जे सांगितलं होतं, तेच माझ्या तोंडाशी आलं. शपथेवर सांगते, त्या घटकेला मला त्यांचं काळीज कळलं. मी ओठ मिटून घेतले आणि फोन अहमदच्या हातात दिला.

घरी आले. त्यांच्यासमोर बसले.

"भाई, उठा," मी म्हटलं.

"अजून एक भाकरी दे."

"तुम्ही तिकडे आजारी आहात. तुम्हाला परत जायला पाहिजे."

त्यांनी मान वर केली. त्यांना कळलं होतं, की आधीपासूनच माहीत होतं, मला सांगता येत नाही. म्हणाले, "इक्बालला तू होतीस. तिकडे माझी वाट बघणारं कोण आहे?"

चार दिवसांत त्यांच्या तोंडून तुमचं नाव पहिल्यांदा आलं. म्हणजे अजून सगळं सुटलं नव्हतं. मी तोच धागा धरला. म्हटलं, "तुमचा भाऊ उशाशी बसलाय. तुमचा हात धरून बसतो, तुम्ही धरत नाही."

हे मी का म्हटलं ठाऊक नाही. तुम्ही फोनवर तसं काही सांगितलं नव्हतं.

"मला भूक लागलीय, जुबैदा."

मी त्यांच्यापुढचं ताट उचललं. अर्धी भाकरी होती त्यात, साफीचा तुकडा होता. आलेल्या माणसाच्या समोरचं ताट मी जन्मात कधी उचललेलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ती नजर मी विसरणार नाही. रागाची नव्हती. पोराला शाळेत सोडून आई मागे वळते, तेव्हा ते पोर बघतं तशी होती.

मग ते उठले. मोरीवर हात धुतले, दारात थांबून "खुदा हाफिज" म्हणाले. मी त्यांच्या मागून गेले. अहमदने दुकानातून सलाम केला, त्यांनी घेतला. मशिदीच्या पुढे ती पुढे बंद असलेली गल्ली आहे ना, पडक्या भिंतीची, तिच्यात वळले. मी कोपऱ्यावर पोचले तर गल्लीत कोणी नव्हतं. भिंत होती, आणि भिंतीवर मांजर बसलेलं.

मी बरं केलं की वाईट, तुम्ही कळवा.

जुबैदा


कोबे, ७ डिसेंबर १९८४

प्रिय जुबैदा,

भाई गेल्याचं परवा फोनवर सांगितलं, आणि आज तुझं तीस तारखेचं पत्र हातात पडलं. ते वाचून मी जिन्यावरच बसलो. आता भाई जे बोलला त्याचा अर्थ लागला. तुझं आणखी पत्र वाटेत असेलच, पण मला थांबवत नाही.

रविवारी तुला फोन करून इस्पितळात परतलो. संध्याकाळ होत होती. नर्स धावत आली आणि मला आत घेऊन गेली. भाईचे डोळे उघडे होते. डॉक्टर लोक एकमेकांशी बोलत होते, त्यांनाही पटत नव्हतं. भाईने माझा हात धरला, घट्ट. पहिलं वाक्य म्हणाला, "तुझी बायको फार कडक आहे रे." मला वाटलं बरळतोय. नर्स त्याचा दुसरा हात पुसत होती, ती मध्येच थांबली आणि हात नाकाशी नेऊन हुंगला. मीही हुंगला. हळद आणि तळलेली मासळी.

त्याने विचारलं, "अम्मा गेली तेव्हा मी आलो नाही, जाताना ती काय म्हणाली होती?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली होती, ताहिरला सांगू नका, धावपळ करील. त्याने डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, गावातली घरं सांग. मी धक्क्यापासून सुरुवात केली. गणपत खारव्याची झोपडी, दाजी वाण्याचं दुकान, मग खदिजाखालाचं घर. मी मध्ये एक घर गाळलं तर त्याने दुरुस्त केलं. असे आम्ही चढण चढत गेलो, घरं घेत घेत. कुणाच्या अंगणात कुठला आंबा, कुणाचा कुत्रा चावायचा, सगळं त्याला माहीत. आमच्या दारापाशी आलो तेव्हा म्हणाला, "पुरे आता. आत जाऊन पडतो." आणि झोपला. शांत झोप होती, घोरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मी जवळ असताना गेला. मशिदीतल्या त्या तातार चाचांनी आंघोळ घातली. डोंगरावरच्या कब्रस्तानात ठेवलं, तिथून समुद्र दिसतो.

तू काय केलंस ते मला अजून नीट माहीत नाही. पण तू काहीतरी केलंस म्हणून माझा भाऊ मला एक संध्याकाळ परत मिळाला. नाहीतर तो काचेआडच गेला असता, माझा हात न धरता.

त्याच्या खोल्या आवरून अठ्ठावीस तारखेच्या आसपास निघतो.

इक्बाल


मुहर्रक, १५ डिसेंबर १९८४

अहो,

तुमचं पत्र आलं. रडून घेतलं. शमाला सांगितलं की काका त्यांच्या घरी गेले. ती म्हणाली, "ही वॉज सो हंग्री, मम्मी." त्यांच्या नावाने शुक्रवारी गल्लीत भाकऱ्या वाटल्या, अहमद आणि मुनीराने हातभार लावला.

त्या दिवसापासून दार वाजलं की मी आधी खालच्या फटीतून पायांत काही आहे का ते बघते. म्हणून एक मागणं आहे, हसू नका. निघालात की हाँगकाँगहून फोन करा. मुंबईहून करा. इथे उतरलात की विमानतळावरून पुन्हा करा, अहमद पिकअप घेऊन येईल. दारात आलात की आधी सामान आत टाका, धपकन, आवाज येऊ दे. बूट बाहेर काढू नका, घालूनच आत या, फरशी मी पुसून घेईन. आणि अल्लाच्या वास्ते, आल्या आल्या भूक लागलीय असं म्हणू नका. आधी मला हात द्या. तो गरम आहे हे मी बघेन. मग तवा ठेवीन.

तुमची,
जुबैदा